जाहिरातीच्या धंद्यातली शागिर्दी

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असत. डी.एड. करावे की बी.एड.? आय.टी.आय.ला कोणता ट्रेड घ्यावा? गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "सर, मुलगा म्हणतो डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करतो. हे नेमके काय असते? आणि फी भरावी का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या घरांत बहुधा पैसा मोजून वापरला जातो. कोणाचे गॅरेज असते, कोणाचे शिलाईकाम, कोणाचा फळांचा गाडा. काही संस्था या कोर्ससाठी हजारो रुपये घेतात आणि फलकावर 'शंभर टक्के नोकरी' असे लिहितात. ती फी भरायला अम्मीच्या बांगड्या सोनाराकडे निघाल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणून या महिन्यात याच विषयावर बोलू. आमच्या शाळेतून शिकून गेलेली काही मुले-मुली या कामात पडली आहेत. त्यांतली एक मुलगी पदवीनंतर पुण्यातल्या एका लहान जाहिरात कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होती. सुट्टीत गावी आली की ती आम्हांला भेटते आणि वही उघडून काय शिकली ते सांगते. या लेखातले पुष्कळसे तिच्या त्या वहीतले आहे.

हे काम आहे तरी काय?

जुन्या काळी दुकानदार पाटी लावत असे, हँडबिले वाटत असे, रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवत असे. ग्राहक आता मोबाईलमध्ये पाहतो, म्हणून दुकानदारालाही तिथे जावे लागते. गुगलवर वस्तू शोधणाऱ्याला आपली जाहिरात दाखवणे, नकाशावर दुकानाची नोंद नीट ठेवणे, फेसबुक-इन्स्टाग्रामवर माल मांडणे, व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशीला उत्तर देणे आणि या सगळ्यातून खरोखर किती विक्री झाली याचा हिशेब ठेवणे, एवढ्या सगळ्याला मिळून डिजिटल मार्केटिंग म्हणतात.

गुगलने जाहिरातींची ही सोय २००० साली 'ॲडवर्ड्स' या नावाने सुरू केली. २०१८ पासून तिचे नाव 'गुगल ॲड्स' झाले. तिची रीत थोडक्यात अशी. कोणी 'हापूस आंबा पुणे' असे शोधले की त्याच क्षणी त्या शब्दांसाठी जाहिरातदारांमध्ये एक लिलाव होतो. जास्त बोली लावणाराच नेहमी वर येतो असे मात्र नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते आणि तिच्यामागचे पान ग्राहकाच्या किती उपयोगाचे आहे, हेही पाहिले जाते. शोधाच्या जाहिरातीत सहसा कोणी तिच्यावर बोट दाबले तरच पैसे कापले जातात. त्या बोट दाबण्याला 'क्लिक' म्हणतात.

यात गूढ असे काही नाही. हा एक हुन्नर आहे, आणि हुन्नर शिकण्याची आपल्या घरांतली रीत जुनीच आहे. शिंप्याकडे मूल आधी काजे-बटणे करते, मग माप घेते आणि कापडाला कात्री लावायला त्याला सर्वांत शेवटी मिळते. गॅरेजमध्ये आधी पाने उचलून द्यायचे, इंजिन पुढे खोलायचे. उस्तादाच्या हाताकडे पाहत शागिर्द तयार होतो. डिजिटल मार्केटिंगमध्येही तसेच आहे. पुस्तकी भाग फुकट शिकता येतो. गुगलचे 'स्किलशॉप' आणि मेटाचे 'ब्लूप्रिंट' हे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतात. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दुसऱ्याचे दुकान, दुसऱ्याचा पैसा आणि खरा ग्राहक समोर असताना काय करायचे, हे कोणत्याही व्हिडिओतून येत नाही. ते शागिर्दीतूनच येते.

पहिला धडा : आधी दुकानात बसा

आमच्या त्या विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यात वाटले होते की आता संगणक उघडून जाहिराती करायच्या. तिच्या मॅडमनी तिला पाठवले ते आंब्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर. काम दिले एकच, तीन दिवस तिथे बसून ग्राहक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण.

तिने वही भरून आणली. कोणी 'हापूस' म्हणत होते, कोणी 'देवगड', कोणी नुसतेच 'रत्नागिरी'. घरासाठी घेणारे डझनाचा भाव विचारत आणि भेट द्यायला घेणारे पेटीचा. बहुतेकांचा पुढचा प्रश्न होता, "आजच खायचा आहे, पिकलेला आहे का?" आणि त्यानंतरचा, "घरपोच देता का?" व्यापाऱ्याला मात्र जाहिरातीत लिहायचे होते, 'तीन पिढ्यांची परंपरा'. तीन दिवसांत एकाही ग्राहकाने पिढ्यांची चौकशी केली नव्हती.

जाहिरातीचे शब्द दुकानदाराच्या मनातले असून चालत नाहीत, ते ग्राहकाच्या तोंडचे असावे लागतात. डेव्हिड ओगिल्व्ही हे जाहिरातीच्या इतिहासातले मोठे नाव. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली त्यांनी आपली कंपनी काढली. पण त्याआधी ते पॅरिसच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करत होते आणि नंतर स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून 'आगा' कंपनीच्या शेगड्या विकत होते. कोणत्या दारात काय बोलायचे हे ते तिथे इतके पक्के शिकले की १९३५ साली त्यांनी कंपनीच्या विक्रेत्यांसाठी त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. जाहिरात लिहिण्याआधी त्यांनी दारे ठोठावली होती.

इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. आपल्या घरांतले मूल मराठी, उर्दू आणि हिंदी यांच्यात सहज ये-जा करते. एकच वस्तू एक ग्राहक कोणत्या शब्दाने मागतो आणि दुसरा कोणत्या, हे त्याच्या कानाला ठाऊक असते. या धंद्यात ते भांडवलच आहे. इंग्रजी कामापुरते हवेच, पण ते कच्चे आहे म्हणून मुलाने दारातूनच परत फिरू नये.

दुसरा धडा : दुसऱ्याचा पैसा ही अमानत

अप्रेंटिसच्या हातात पहिल्यांदा जाहिरातीचे खाते दिले जाते तेव्हा त्यात पैसा असतो तो व्यापाऱ्याचा. दिवसाची मर्यादा समजा हजार रुपये ठरवली, तर रात्रीपर्यंत ते हजार जातात. कोणी लक्ष दिले नाही तरी जातात.

मॅडमचा नियम होता, सकाळी चहाच्या आधी खाते उघडायचे. लोकांनी नेमके काय शोधले आणि आपल्याला पैसे कुठे पडले याची एक यादी तिथे मिळते. मुलीने ती वाचली तेव्हा थक्क झाली. आंबे विकायच्या जाहिरातीवर 'हापूस आंब्याचे कलम' शोधणारे आले होते, 'आंब्याचे चित्र' शोधणारी शाळकरी मुले आली होती, लोणच्याची कृती शोधणाऱ्या गृहिणीही आल्या होत्या. यांच्यातला कोणीही पेटी घेणार नव्हता, पण प्रत्येकाच्या क्लिकचे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून गेले होते.

यावर उपाय सोपा आहे. 'या शब्दांना आमची जाहिरात दाखवू नका' अशी यादी खात्यात घालता येते. कलम, रोप, चित्र, कृती, लागवड हे शब्द तिने त्यात घातले. जिथे माल पोहोचवता येत नाही ते पिनकोडही वगळले. हे काम कोणाला दिसत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. ते रोज करावे लागते आणि कंटाळवाणे आहे. पण शागिर्दाची पारख तिथेच होते. घरखर्चाच्या पाकिटातून दहा रुपये काढताना आपण जसा विचार करतो, तसाच विचार परक्याच्या दहा रुपयांचा करता आला पाहिजे.

तिसरा धडा : आकडा वाचा, पण कामाचा

एखाद्या मुलाने केलेल्या व्हिडिओला पाच हजार लाईक आले की घरात आनंद होतो. दुकानदाराचा प्रश्न मात्र वेगळा असतो, "विकले किती?" हा हिशेब आपण एकदा घालून पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा एका क्लिकला दहा रुपये पडतात. दोन हजार रुपयांत दोनशे लोक पानावर आले. शंभरात दोघांनी पेटी घेतली, म्हणजे एकूण चार पेट्या गेल्या. जाहिरातीचा खर्च एका पेटीमागे पाचशे रुपये झाला. पेटीत नफा जर तीनशेच असेल, तर प्रत्येक पेटीला व्यापारी दोनशे रुपये गमावतो आहे. दोनशे लोक येऊन गेले म्हणून तो खूश, आणि गल्ला मात्र रिकामा होत चाललेला!

आता जाहिरातीवर एक रुपयाही न वाढवता काय करता येईल? पानावर भाव स्पष्ट लिहिला, पिकायला किती दिवस लागतील ते सांगितले, व्हॉट्सॲपवर विचारणाऱ्याला तासाभराऐवजी पाच मिनिटांत उत्तर दिले, आणि समजा चाराच्या आठ पेट्या झाल्या. मग खर्च पेटीमागे अडीचशेवर आला आणि पन्नास रुपये सुटू लागले. तोच ग्राहक पुढच्या आठवड्यात पुन्हा आला तर त्या पेटीला जाहिरातीचा खर्च नाहीच.

पाचवी-सहावीची शेकडेवारी आणि नफा-तोटा, यापलीकडचे गणित यात फारसे नाही. 'हे गणित पुढे कुठे कामाला येणार?' असे वर्गात विचारणाऱ्या मुलांना आम्ही आता हेच उदाहरण देतो.

चौथा धडा : थोडे लिहा, खरे लिहा

गुगलच्या शोध-जाहिरातीत एका मथळ्याला जास्तीत जास्त ३० अक्षरे मिळतात आणि खालच्या वर्णनाला ९०. असे १५ मथळे आणि ४ वर्णने देता येतात, त्यांतून यंत्र जुळणी करते. शाळेत सारांशलेखनाला कंटाळलेल्या मुलांना इथे तेच करावे लागते. मोजक्या अक्षरांत काम भागवायचे म्हणजे विशेषणे गळून पडतात आणि माल तेवढा उरतो.

आणि खरी कसोटी इथेच लागते. हंगामाच्या सुरुवातीला माल कमी होता. व्यापाऱ्याने कर्नाटकातून आलेला आंबाही मागवला आणि सांगितले, "जाहिरातीत सगळ्यालाच 'अस्सल रत्नागिरी हापूस' लिहून टाक."

मुलगी म्हणाली, "चाचा, ती पेटी रत्नागिरीची नाही ना."

"बेटा, पिवळा दिसला की लोकांना सगळा हापूसच."

"लोकांना कळणार नाही कदाचित. पण लिहिणारी मी आहे, आणि मला माहीत आहे."

वयाने मोठ्या, पैसे देणाऱ्या माणसाला एका बावीस वर्षांच्या अप्रेंटिसने असे सांगणे सोपे नव्हते. गिऱ्हाईक तुटले असते तर कंपनीतले सगळे तिच्याकडे बोट दाखवणार होते. तिच्या मॅडमनी तिची बाजू घेतली आणि व्यापाऱ्याला कायदा समजावला. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी ते आहे. दुसरीकडचा आंबा त्या नावाने विकणे म्हणजे फसवणूक. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. अखेर दोन वेगळ्या जाहिराती झाल्या. एकीत रत्नागिरीचा माल त्याच्या भावाने, दुसरीत कर्नाटकचा माल त्याच्या नावाने आणि कमी भावाने. दुसराही विकला गेला. ज्याला स्वस्त हवा होता, त्याने तो जाणून-बुजून घेतला.

धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य वर काढून दाखवणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपल्या घरांत लहानपणीच सांगितला जातो. ओला भाग ग्राहकाला दिसेल असा वर ठेवायचा, हा त्याचा सरळ अर्थ. मोबाईलच्या पडद्यावरचा माल हाताळून बघता येत नाही, म्हणून तिथे ही जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

'फक्त २ पेट्या शिल्लक' हे वाक्यही तसेच. गोदामात दोनशे पेट्या असताना असे लिहून ग्राहकाला घाई करायला लावणे, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत खोटी निकड म्हटले आहे. ग्राहकाला चकवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांची यादीच त्यात दिली आहे आणि त्यांना मनाई केली आहे. पैसे किंवा फुकट माल घेऊन इन्स्टाग्रामवर एखाद्या वस्तूची तारीफ करणाऱ्यानेही ती जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या घरातली मुले असे व्हिडिओ करत असतील तर त्यांना हे जरूर सांगावे.

पाचवा धडा : एका वेळी एकच बदल, आणि वही

नव्या शागिर्दाला घाई असते. विक्री कमी झाली की तो मथळा बदलतो, फोटो बदलतो, भाव बदलतो, वेळ बदलतो आणि हे सगळे एकाच दिवशी. मग विक्री वाढली तरी कशामुळे वाढली हे कळत नाही.

शहाणी रीत जुनी आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ साली एक पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच जाहिरातीला शास्त्र म्हटले आहे. त्या काळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत कापून पाठवायचे कुपन असे. दोन जाहिरातींच्या कुपनांवर वेगवेगळी खूण छापायची आणि टपालाने कोणती कुपने जास्त येतात ते मोजायचे. आज संगणकावर दोन मथळे शेजारी-शेजारी चालवून पाहतात, त्यामागचे तत्त्व तेच. बाकी सगळे सारखे ठेवा, एकच गोष्ट बदला, पुरेसे दिवस थांबा, मग मोजा. शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगात आम्ही हेच शिकवतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या वहीत चार रकाने आहेत : तारीख, काय बदलले, का बदलले, काय झाले. ती म्हणते की वर्षअखेर प्रमाणपत्रापेक्षा ही वहीच मुलाखतीत जास्त कामी आली. समोरच्याने विचारले, "तुम्ही काय केले आहे?" तिने वही पुढे ठेवली.

सहावा धडा : वाईट बातमी त्याच दिवशी

एकदा जाहिरातीमागच्या पानावर व्यापाऱ्याचा फोन नंबर चुकला. एक अंक इकडचा तिकडे झाला होता. दोन दिवस जाहिरात चालू राहिली आणि फोन जात राहिले एका अनोळखी माणसाकडे. पान त्या मुलीनेच भरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी खाते पाहताना तिला शंका आली. क्लिक आहेत, पण व्यापारी म्हणतो फोन नाहीत. तिने तो नंबर स्वतः लावून पाहिला, तेव्हा उलगडा झाला.

तिच्या मनात आले, गुपचूप दुरुस्त करून टाकावे. कोणाला कळणार होते? पण ती उठून मॅडमकडे गेली. मॅडम रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला, काय घडले ते सांगितले आणि दोन दिवसांचा जाहिरातखर्च कंपनी भरेल असे कबूल केले. मग मुलीला म्हणाल्या, "आज सांगितले म्हणून ही एकच चूक राहिली. उद्या सांगितले असते तर दोन झाल्या असत्या."

त्या दिवसापासून कंपनीत नियम झाला की कोणतीही जाहिरात चालू करण्याआधी दुसऱ्या माणसाने नंबर लावून पाहायचा. व्यापारी तुटला नाही. पुढच्या हंगामाचे कामही त्याने त्यांनाच दिले.

आमच्या मते या सगळ्या धड्यांत मोठा हाच. उस्ताद निवडताना त्याला किती येते एवढेच पाहू नये. शागिर्दाची चूक समोर आली की तो काय करतो, तेही पाहावे. चूक लपवायला शिकवणारा उस्ताद हुन्नर शिकवील, पण माणूस बिघडवील.

पालकांनी काय करावे?

शागिर्दीला आपल्याकडे कायद्याचा आधार आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कारखान्यांबाहेरच्या नव्या कामांसाठी आणि अभियांत्रिकी सोडून इतर पदवीधरांसाठीही त्याचे दार उघडले. २०१६ पासून केंद्राची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आहे, त्यात विद्यावेतनाचा काही भाग सरकार देते. २०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णाला ६,०००, बारावी उत्तीर्णाला ७,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरवले. हे दर बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना सरकारी 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर चालू दर पाहावा. कंपनीशी लेखी करार होतो आणि त्याची नोंद पोर्टलवर होते. शागिर्दी सहा महिन्यांपेक्षा कमी नसते. ती संपल्यावर त्याच कंपनीत नोकरी मिळेलच असे नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

काही गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवा. अप्रेंटिसला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. 'आधी डिपॉझिट भरा, मग काम देतो' असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठावे. 'घरबसल्या व्हिडिओ लाईक करा आणि रोज हजारो कमवा' असे संदेश मोबाईलवर येतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये देतात, विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला लावतात आणि गायब होतात. ते मार्केटिंग नव्हे, ती लूट आहे. कोणी फसलेच तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची आशा जास्त.

मुलींबद्दल पालक आम्हांला हळू आवाजात विचारतात. या कामात घरून करण्यासारखे बरेच आहे हे खरे. तरीही पहिले वर्ष शक्य असेल तर उस्तादाच्या शेजारी बसून काढावे. पालकांनी एकदा स्वतः कार्यालयात जाऊन यावे, वेळा विचाराव्यात, सोबत काम करणाऱ्या महिलांना भेटावे. त्या मुलीचे अब्बू गॅरेज बंद ठेवून एक दिवस पुण्याला गेले होते. परतल्यावर त्यांनी घरात एवढेच सांगितले, "तिथली बाई कामात कडक आहे. शिकेल पोरगी." गॅरेज चालवणाऱ्या माणसाला उस्ताद ओळखता येतो.

आता जाहिरातीचा मजकूर यंत्रेही लिहू लागली आहेत, मग या शिक्षणाचा उपयोग काय, असेही विचारले जाते. यंत्र पंधरा मथळे क्षणात लिहून देईल. पण पेटीतला आंबा रत्नागिरीचा आहे की नाही हे त्याला माहीत नसते. गाळ्यावर कोणता ग्राहक काय विचारून गेला, हेही त्याने ऐकलेले नसते. ते काम माणसाचेच आहे.

म्हणून बांगड्या आधी सोनाराकडे नेऊ नका. मुलाला किंवा मुलीला दोन महिने फुकटचे अभ्यासक्रम करू द्या. त्याच काळात मोहल्ल्यातले एखादे दुकान घ्या. चाचांची बेकरी असेल, खालाजानचे शिलाईकाम असेल. त्याची नकाशावर नोंद करून द्यायला सांगा. फोटो, वेळा, नंबर, भाव, सगळे खरे आणि पूर्ण. महिनाभर रोज चौकशांची वही ठेवायला लावा. महिन्यानंतर वही भरलेली असेल आणि मूल कंटाळलेले नसेल, तर त्याच्यासाठी चांगला उस्ताद शोधायला लागा. वही रिकामी राहिली, तर कोर्सची फी वाचली असे समजा आणि त्याचा कल कुठे आहे ते शांतपणे पाहा. रोजीचे दरवाजे पुष्कळ आहेत.